जग्वारच्या घरातलं ऐकलंत का?

"तिचं पासिंग झालं म्हणे, बँकवाले! चौदा वर्षांनी!"

आप्पांनी ही बातमी भिंतीवरून अशा आवाजात दिली, की त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींनी लगेच विचारलं, "कुणाचं हो?" निगडी प्राधिकरणातल्या आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं अडकलेल्या प्रकरणांना तोटा नाही, तेव्हा प्रश्न रास्तच होता.

"अगं, जग्वारची सी-एक्स७५."

"हात्तिच्या!" खिडकी म्हणाली आणि मिक्सर सुरू झाला.

आप्पा टेल्कोचे. २००३ साली कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण ते कागदोपत्री. आप्पांची हयात टूलरूममध्ये गेली आणि त्यांच्या तोंडी कंपनी अजून टेल्कोच आहे. जून २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतल्या, तेव्हापासून जग्वारही त्यांना घरचीच. 'आपल्याकडे नवीन मॉडेल येतंय' असं ते म्हणाले की 'आपल्याकडे म्हणजे पिंपरीला की कॉव्हेंट्रीला?' हे आधी विचारून घ्यावं लागतं. त्यातही या सी-एक्स७५वर त्यांचा भारी जीव. मला इंजिनातलं फारसं कळत नाही. पण मी बँकेत कर्ज खात्यात होतो, त्यामुळे कुणी काय कबूल केलं आणि हातात काय ठेवलं, एवढं चटकन कळतं. या गाडीच्या गोष्टीत सगळा मसाला तोच आहे.

"पहिल्यापासून सांगा," मी पाइप बंद करून भिंतीपाशी गेलो.

"पहिल्यापासून म्हणजे पॅरिस. २०१०चा मोटार शो. जग्वारची पंचाहत्तरी होती, म्हणून नावात ७५. १९३५ साली जग्वार हे नाव पहिल्यांदा गाडीला लागलं. कंपनीचं नाव तेव्हा एसएस कार्स. मग युद्ध झालं, हिटलरच्या एसएसने काय काय केलं ते जगाने बघितलं, आणि १९४५ साली यांनी मुकाट्याने पाटी बदलली. जग्वार कार्स. ते जाऊ द्या. तर पॅरिसला यांनी जी गाडी ठेवली ना, तिच्या पाठीत दोन जेट होती!"

"जेट? विमानातली?"

"तीच जात. फक्त एवढीशी." आप्पांनी दोन हातांमध्ये मोठ्या कलिंगडाएवढं अंतर दाखवलं. "एकेकाचं वजन ३५ किलो. फेरे किती? मिनिटाला ८०,०००. तुमच्या गाडीचं इंजिन सहा हजारांवर गेलं की तुम्ही गिअर बदलता. हे सेकंदाला तेराशेच्या वर. आम्ही टूलरूममध्ये मायक्रॉनचं काम केलंय, बँकवाले, पण एवढ्या फेऱ्यांना शाफ्ट कणभर जरी वाकडा असला ना, तरी संपलं."

"आणि चाकं त्या जेटवर फिरायची?"

"तिथंच तर गंमत आहे." आप्पा भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले. आता अर्धा तास गेला हे मी ओळखलं. "जेट चाकांना शिवत नाही. ते फक्त वीज करतं. चाकांना चार वेगळ्या मोटारी, प्रत्येक चाकाला एक. प्रत्येकी १९५ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स नाही, डिफरन्शियल नाही, मधून जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही. कुठल्या चाकाला किती ताकद द्यायची ते कॉम्प्युटर ठरवणार. घरी प्लगला लावायची, बॅटरी भरायची, ११० किलोमीटर निव्वळ बॅटरीवर जायचं. बॅटरी उतरली की मागची टर्बाइन सुरू होणार आणि चालता चालता ती भरणार. टाकी ६० लिटरची. सगळं धरून ९०० किलोमीटर. आणि शून्यावरून शंभरला ३.४ सेकंदांत."

"आपल्याकडे रस्त्यावर ज्या हायब्रिड दिसतात, त्याही अशाच ना?"

"नाही हो. बहुतेकींत पेट्रोल इंजिन आणि मोटार दोघंही चाकं फिरवतात, कधी हा, कधी तो, कधी दोघं मिळून. हिच्यात इंजिनाची चाकांशी ओळखच नाही. त्याला सिरीज हायब्रिड म्हणतात. टर्बाइनला तेच मानवतं. तिचा स्वभाव एकमार्गी आहे. एका ठरावीक वेगाने फिरू दिलंत तर बरी चालते. पण सिग्नलला थांब, पळ, परत थांब, असं केलंत की इंधन पिते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर जागी व्हायला वेळ घेते. म्हणून तिला चाकांपासून लांब ठेवायची आणि नुसतं जनरेटरवर बसवायची."

ही युक्ती सुचायला बरीच वर्षं गेली, असं आप्पांचं म्हणणं. आणि त्याच्या पुराव्यादाखल त्यांनी मला थेट १९५०मध्ये नेलं. रोव्हर कंपनीने त्या साली जेट-१ नावाची गाडी काढली होती. टर्बाइनवर चालणारी जगातली ती पहिली मोटार. १९५२मध्ये बेल्जियममधल्या याब्बेके इथल्या सरळ रस्त्यावर तिने ताशी २४० किलोमीटरच्या वर वेग गाठला. आता ती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पेट्रोल-केरोसिनचं बिल मात्र कुणाला परवडणारं नव्हतं. मग १९६३मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने पन्नासेक टर्बाइन गाड्या करून साध्यासुध्या कुटुंबांना आळीपाळीने वापरायला दिल्या, लोकांच्या तक्रारी-कौतुक लिहून घेतलं आणि नंतर त्यातल्या बहुतेक गाड्या स्वतःच मोडीत काढल्या. दोन्ही ठिकाणी टर्बाइन चाकांना जोडलेली होती.

"आणि बघा," आप्पांनी आवाज खाली आणला, जणू शेजारच्या सोसायटीने ऐकायला नको, "रोव्हर हे नाव आज कुणाकडे आहे? जग्वार लँड रोव्हरकडेच. म्हणजे आपल्याचकडे. आणि जेट इंजिनाचं पेटंट घेणारा फ्रँक व्हिटल कुठला? कॉव्हेंट्रीचा. १९०७चा जन्म. जग्वार कॉव्हेंट्रीची. या छोट्या टर्बाइन करणारी ब्लेडन जेट्स, तीही त्याच भागातली. दोघा भावांनी काढलेली कंपनी. त्यांची करामत म्हणजे पात्यांची अख्खी चकती एकाच तुकड्यातून कोरायची, पाती वेगळी करून बसवायची नाहीत. आणि शाफ्ट हवेच्या बेअरिंगवर तरंगता. तेल नाही, पाणी नाही. २०११मध्ये टाटांनी त्या कंपनीत भागसुद्धा घेतला."

एव्हाना माझ्यातला कर्ज खात्याचा माणूस जागा झाला होता. "थांबा. त्या दोन टर्बाइन मिळून वीज किती देतात?"

"प्रत्येकी ७० किलोवॅट. दोन्हींची १४०."

"आणि चार मोटारींना लागते किती?"

आप्पा हसले. "पुरी ताकद मागितलीत तर ५८०."

"म्हणजे मिळकत १४० आणि खर्च ५८०?"

"बरोबर पकडलंत. उरलेलं बॅटरीतून. पाय दाबून धरलात तर बॅटरी बघता बघता उतरणार, आणि मग तुमच्याकडे १४० किलोवॅटचीच गाडी उरली. पण अशी पळवतो कोण? एक्सप्रेसवेवर सरळ वेगाने जायला गाडीला त्याचा पाचवा हिस्सादेखील लागत नाही. तेव्हा रोजच्या चालण्याला हिशेब जमतो. नुसता फुशारकीला जमत नाही."

किलोमीटरला २८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, असा आकडाही जग्वारने त्या वेळी लावला होता. छोट्या मारुतीच्या तिप्पट-चौपट कमी! पण प्लग लावायच्या गाड्यांचा हा आकडा युरोपात ज्या सूत्राने काढत, त्यात बॅटरी वारंवार भरली जाते असं धरलेलं असे. विजेच्या कारखान्याच्या धुराड्यातून काय गेलं, ते त्यात नाही. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो कुणाच्या सोयीचा आहे हे सांगायला बँकेत चाळीस वर्षं काढावी लागत नाहीत.

वहिनी मेथीची जुडी घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर निवडत बसल्या. "दिसायला कशी होती ते सांगा ना. सारखं किलोवॅट काय?"

आप्पा आत गेले आणि नातवाची बोटभर लांबीची खेळण्यातली सी-एक्स७५ घेऊन आले. ती भिंतीच्या कठड्यावर ठेवली. मी चष्मा पुसून पाहिलं. पुढचं नाक खाली वाकलेलं, काच अगदी पुढे सरकलेली, दोन माणसांपुरती जागा आणि तिच्यामागे रुंद होत गेलेली पाठ. मागच्या चाकांवरून पत्रा असा उचलून घेतलाय, की उभी गाडीही दबा धरून बसल्यासारखी वाटते. बाजूला दाराच्या मागे हवा आत घ्यायला मोठी भोकं. एका बाजूचा रंग उडून खालचा धातू दिसत होता. नातवाने ती किती वेळा फरशीवर आपटलीय ते त्यावरून कळत होतं. आप्पांनी नखाने ती हवेची भोकं दाखवली. "ही शोभेची नाहीत. टर्बाइनला हवा लागते, इंजिनाहून कितीतरी जास्त. ती यातून जाणार. म्हणजे पाठ एवढी रुंद का, तर पोटात जेट आहे म्हणून. आधी यंत्र, मग रूप. बरं, खरी गाडी १.२ मीटर उंच. आपल्या या भिंतीपेक्षा खाली."

"बसायचं कसं मग?" वहिनी.

"दारं वर उघडतात. आणि सीट पुढेमागे होत नाही. ती बॉडीलाच पक्की. स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल तुमच्याकडे सरकतात. रेसच्या गाडीसारखं."

डिझाइन इयान कॅलम यांच्या खात्याचं. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसचा हा माणूस. चौदाव्या वर्षी त्याने जग्वारला स्वतः काढलेली गाडीची चित्रं पाठवली होती आणि कंपनीतल्या एका बड्या इंजिनिअरने उलटटपाली उत्तेजन देणारं पत्र लिहिलं होतं. पुढे तोच १९९९ साली जग्वारचा डिझाइनप्रमुख झाला. त्याआधी ॲस्टन मार्टिनची डीबी७ही त्याच्याच हातची. त्याचा धाकटा भाऊ मोरे कॅलम अमेरिकेत फोर्डचा डिझाइनप्रमुख होता. घरातच पेन्सिल, दुसरं काय!

"तर २०११च्या मेमध्ये," आप्पांनी पुन्हा सूत्र हातात घेतलं, "कंपनीने जाहीर केलं, ही गाडी आम्ही करणार. फक्त २५०. फॉर्म्युला वनवाल्या विल्यम्स कंपनीबरोबर. किंमत सात ते नऊ लाख पौंड."

"म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच कोटींच्या वर," मी म्हटलं. "कर वेगळा."

"हो. आणि लक्षात घ्या, त्याच घराने २००८च्या जानेवारीत दिल्लीला एक लाखाची नॅनो दाखवली होती. ती आपल्या पुण्याच्या संशोधन केंद्रातली. एका टोकाला दोन सिलिंडरची नॅनो, दुसऱ्या टोकाला ही. मधल्या अंतरात अख्खा देश मावला असता."

"मग आडलं कुठं?"

"आडलं नाही, बदललं. जाहीर झालं तेव्हाच बातमी आली की जेट नसणार. टर्बाइन बाजारात आणण्याइतकी तयार नाही. त्याऐवजी १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन."

वहिनींचे हात मेथीवर थांबले. "म्हणजे साखरपुडा एकाशी आणि लग्न दुसऱ्याशी?"

"तसंच म्हण."

"आणि पाहुणे काहीच बोलले नाहीत?"

बोलले असणार. पण खरं सांगायचं तर ते नवीन इंजिनही ऐरंगैरं नव्हतं. एवढ्याशा इंजिनावर टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर दोन्ही, फेरे १०,०००पर्यंत, आणि त्यातून ५०२ हॉर्सपॉवर. जोडीला पुढे-मागे विजेच्या मोटारी. सगळं मिळून साडेआठशेच्या वर. ऑक्सफर्डशायरमधल्या ग्रोव्ह गावी विल्यम्सच्या कारखान्यात कार्बन फायबरचा सांगाडा करून नमुना गाड्या तयार झाल्या, ट्रॅकवर पळाल्या, पत्रकारांनीही चालवून पाहिल्या. म्हणजे ही नुसती शोभेची बाहुली राहिली नाही. आप्पांना टर्बाइन गेल्याचं दुःख आहे, पण या इंजिनाबद्दल ते टोपी काढतात. "लिटरला तीनशेच्या वर हॉर्सपॉवर, आणि तेही रस्त्यावर चालण्याजोगं. सोपं नाही. मी असतो तर ते ब्लॉक बघायलाच ग्रोव्हला गेलो असतो."

आणि मग आला डिसेंबर २०१२. जग्वारने गाडी रद्द केली. कारण सांगितलं मंदीचं: युरोपात लोक काटकसर करताहेत, अशा वेळी आठ-दहा लाख पौंडांची गाडी काढणं बरं दिसत नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेला रतन टाटा टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

"ते गेले म्हणून ही गेली?" वहिनींनी डोळे बारीक केले.

"छे! संबंध नाही. उगाच काहीतरी. हिशेब बसला नाही, बास."

मला मात्र मंदीचं कारण पुरेसं वाटत नाही, आणि इथं माझं आणि आप्पांचं भिंतीवरून दर वेळी वाजतं. कारण पुढच्याच वर्षी, २०१३मध्ये, त्याच जगात, त्याच मंदीत, तीन कंपन्यांनी तशाच महागड्या हायब्रिड गाड्या काढल्या. मॅक्लारेनची पी१, ३७५. पोर्शची ९१८ स्पायडर, ९१८. फेरारीची लाफेरारी, ४९९. सगळ्या खपल्या. पोर्शने तर ९१८ची कल्पना २०१०मध्येच जिनिव्हाला मांडली होती, जग्वारच्या आधी सहा-सात महिने, आणि तिने जे दाखवलं ते साधारण तसंच विकलं. गिऱ्हाइकांना पैशाची अडचण नव्हती. हायब्रिडचीही नव्हती. गिऱ्हाइकांनी जेटची गाडी बघून मान डोलावली होती आणि त्यांना चार सिलिंडरची देऊ करण्यात आली होती, एवढाच फरक.

आप्पांचं उत्तर ठरलेलं. "पोर्श, फेरारी वर्षाला हजारो तसल्याच गाड्या विकतात. जग्वारला तेव्हा रोजच्या गाड्यांसाठी नवीन इंजिनं करायची होती, नवीन कारखाना उभा करायचा होता. पैसा कुठं घालायचा? शहाणपणच केलं." यात तथ्य आहे, हे मी कबूल करतो, फक्त त्यांच्यासमोर करत नाही.

"पण ती सिनेमात होती ना?" वहिनी म्हणाल्या. "जेम्स बाँडच्या. मुलाने लावला होता घरी."

होती की! 'स्पेक्टर', २०१५. रोममध्ये रात्री गल्ल्याबोळांतून, पायऱ्यांवरून आणि टायबर नदीच्या काठाने बाँडच्या ॲस्टन मार्टिनमागे जी गाडी लागते, ती हीच. चालवणारा तो धिप्पाड मिस्टर हिंक्स, म्हणजे डेव्ह बॉटिस्टा. नायकाची नव्हे, खलनायकाची गाडी. शेवटी ॲस्टन नदीत बुडते. आणि गंमत म्हणजे ॲस्टन मार्टिन आणि जग्वार दोघीही काही वर्षांपूर्वीपर्यंत फोर्डच्याच घरात नांदत होत्या. जावाजावांची मारामारी बघायला जग तिकीट काढून गेलं.

"पण आतली बातमी सांगतो," आप्पा पुढे वाकले. "सिनेमासाठी विल्यम्सने सात गाड्या केल्या. त्यांत जेट नाही, ते १.६चं इंजिन नाही, बॅटरी नाही, मोटार नाही. पाच लिटरचं सुपरचार्जरवालं व्ही-८! जग्वारचं नेहमीचं पेट्रोल इंजिन. पायऱ्यांवरून उड्या मारायच्या, परत परत टेक घ्यायचे, त्याला तेच बरं. वरून सी-एक्स७५, आतून साधीसुधी पेट्रोल पिणारी."

म्हणजे बघा. आधी जेट आणि बॅटरी. मग चार सिलिंडर आणि बॅटरी. मग नुसतं व्ही-८. दोन वेळा काळीज बदललं, आणि कातडं तेच राहिलं. ज्या हवेच्या भोकांबद्दल आप्पांनी मघाशी नखाने दाखवून सांगितलं की ती टर्बाइनसाठी आहेत, ती टर्बाइन गेल्यावरही तशीच राहिली. २०१०मध्ये जग्वार सांगत होती की खरी गोष्ट तंत्रज्ञानाची आहे, रूप त्याच्या मागून येतं. प्रत्यक्षात तंत्रज्ञान सगळं वाटेत गळालं आणि रूप तेवढं उरलं. माझ्या मते सी-एक्स७५ ही भविष्यातली गाडी कधी नव्हती. ती एका फार चांगल्या चित्रकाराची गाडी होती.

आप्पांना हे पटत नाही. "टर्बाइन गळाली नाही, दुसऱ्या नोकरीला लागली." आणि हे खरंच आहे. ब्लेडन कंपनीने पुढे ती छोटी टर्बाइन मोबाइल टॉवरच्या जनरेटरला लावायचं ठरवलं. १२ किलोवॅटचं यंत्र, वीज नसलेल्या ठिकाणी टॉवरखाली उभं राहणारं. पॅरिसच्या झगमगाटात ३३० किलोमीटर वेगाच्या गाडीच्या पाठीत बसलेली जात शेवटी एका जागी उभी राहून टॉवरला वीज देणार! एकाच गतीने फिरत राहायचं हाच जिचा स्वभाव, तिला याहून योग्य काम मिळालं नसतं. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी हालचाल हीच.

"पण या घराण्यात हे नवीन नाही," मी म्हटलं, कारण गाडी माझ्या प्रांतात यायची होती. "एक्सजे२२०ची भानगड विसरलात वाटतं?"

आप्पांनी मान फिरवली. हा विषय त्यांना आवडत नाही. वहिनी मात्र पायरीवरून उठून भिंतीपाशी आल्या. "ती काय भानगड, भावोजी?"

१९८८ साली बर्मिंगहॅमच्या मोटार शोमध्ये जग्वारने एक्सजे२२० नावाची गाडी दाखवली. बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन, चारही चाकांना ताकद. लोक वेडे झाले. पुढच्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, आगाऊ रक्कम भरा, ५०,००० पौंड. श्रीमंतांनी रांग लावली. १९९२मध्ये गाडी हातात आली तेव्हा बाराऐवजी सहा सिलिंडर होते आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. मधल्या काळात तिकडे मंदी आली होती आणि किंमत वाढली होती. काही गिऱ्हाइकं म्हणाली, आम्ही हे मागितलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. गाडी वाईट होती का? अजिबात नाही. त्या काळात ती जगातली सर्वांत वेगवान रस्त्यावरची गाडी होती. पण मंजुरीच्या कागदावर एक तारण आणि हातात दुसरं, असं झालं की ऋणको कितीही देखणा असो, फाइल बिघडते.

"आणि त्याच्याही आधी एक आहे," आता आप्पांनाच राहवेना. "एक्सजे१३. १९६६ची. ले मान्सच्या शर्यतीसाठी केलेली, इंजिन पाठीमागे, व्ही-१२. सी-एक्स७५चं रूप बघितलंत तर तिच्यावरूनच घेतलेलं दिसेल. एकच केली. शर्यतीला कधी उतरलीच नाही. तयार होईपर्यंत फोर्डच्या गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. आणि १९७१मध्ये कंपनीच्या दुसऱ्या गाडीची जाहिरात-फिल्म काढायची म्हणून तिला ट्रॅकवर नेली, तर मागचं चाक गेलं आणि उलटीपालटी झाली. ड्रायव्हर नॉर्मन डेविस, खरचटलंसुद्धा नाही त्याला. मग काही वर्षांनी तिला पुन्हा बांधली."

"१९६६ म्हणजे आपल्याकडे टेल्को आली ते साल ना?" मी विचारलं.

"हो. पुण्याचा कारखाना १९६६चाच." आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "तिकडे त्यांनी एकच गाडी केली, ती गोदामात ठेवली. इकडे आम्ही..."

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "ते पासिंगचं राहिलं."

राहिलंच होतं. तर २०१९मध्ये इयान कॅलम जग्वारमधून बाहेर पडले आणि वॉरिकला स्वतःच्याच नावाची कंपनी काढली. सिनेमात वापरलेल्या सातांपैकी एक गाडी एका मालकाने त्यांच्याकडे आणली आणि म्हणाला, ही मला रस्त्यावर चालवायचीय. सिनेमाच्या गाडीला काय असतं? पुरेसे आरसे नाहीत, दाराच्या फटी बोट जाईल एवढ्या, काचा तात्पुरत्या, पत्रा लांबून बघण्यापुरता. ते सगळं कॅलमच्या माणसांनी नीट केलं. फटी मिटवल्या, आवाजाचं आणि धुराचं नियमात बसवलं. आणि २०२४मध्ये ब्रिटनमध्ये त्या एका गाडीचं पासिंग झालं. नंबरप्लेट लागली. ज्याने चित्र काढलं होतं त्यानेच शेवटी ती रस्त्यावर सोडली.

"आत काय आहे?" वहिनींनी नेमका प्रश्न विचारला.

"व्ही-८," आप्पा हळूच म्हणाले. "पेट्रोल."

"म्हणजे हायब्रिड नाही?"

"नाही."

वहिनींनी भिंतीवरची खेळण्यातली गाडी उचलली, उलटी करून तिचं पोट पाहिलं आणि परत ठेवली. "आणि आता हल्ली ते गुलाबी काय काढलंय म्हणे? मुलगी दाखवत होती मोबाइलवर."

टाइप ००. डिसेंबर २०२४ मध्ये मायामीला दाखवलेली, एक गुलाबी आणि एक निळी. पूर्ण विजेवरची. लांबलचक बॉनेट, आणि त्याखाली इंजिन नाहीच. तिच्याआधी आलेल्या जग्वारच्या जाहिरातीत गाडीच दिसत नाही म्हणून जगभर आरडाओरडा झाला. आप्पा तिच्याबद्दल अजून मत देत नाहीत. ते आधी मोटार कुठे बसवलीय ते विचारतात.

मला मात्र एक आकडेमोड सुचली होती, आणि ती मी भिंतीवर बोटाने लिहून दाखवली. एक्सजे१३, १९६६. एक्सजे२२०, १९८८. सी-एक्स७५, २०१०. दोन्ही वेळा मधलं अंतर बरोबर २२ वर्षांचं. नंतरच्या दोन्ही वेळा जग वेडं झालं. पहिली शर्यतीला गेलीच नाही, दुसरी इंजिन बदलून आली, तिसरी खलनायक होऊन सिनेमात गेली.

"म्हणजे पुढची २०३२ला," वहिनी म्हणाल्या आणि मेथी घेऊन आत गेल्या.

तेव्हा वाचकहो, २०३२ साली जग्वारने पॅरिसला, मायामीला किंवा अगदी आपल्या पिंपरीला जरी काही झगझगीत दाखवलं, तरी आगाऊ रक्कम भरू नका. आधी इंजिन कोणतं येणार ते सही-शिक्क्यानिशी लेखी घ्या.